पिसांची स्लीपिंग बॅग

जालन्यातल्या त्या दोन खोल्यांत वसंतानं औरंगाबादच्या मित्राकडून आणलेल्या दोन स्लीपिंग बॅगा पसरल्या होत्या. एक पिसांची, एक फायबरची. लेक तापातून उठली तर नर्मदेची परिक्रमा पायी करीन, असा नवस तो बोलला होता. आता लेक उषाच्या कडेवर खुदुखुदु हसत होती.

"पिसांची हलकी हाय," वसंता म्हणाला. "काल निजून पाह्यलं, भट्टीवानी गरम. पन भिजली की कामातून गेली."

"मंग फायबरची न्या. नदीकाठी दव लई पडतं."

"वझं कोन वाहील, तू?"

"मी वाहूनच राह्यले की एक!" उषानं लेकीला कडेवर सावरलं.

तो हसला. फायबरची पाठीला बांधून मित्र अप्पारावसंगं निघाला.

उरलेली बॅग गुंडाळायला उषा वाकली, तर सासूबाईंनी, गोजरबाईंनी हात धरला. "वाटंला लागलेल्याचं अंथरूण उचलू न्हाई, बाई. पोचल्याचा निरोप येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी लंगोट वाळत घालून ती आतल्या खोलीत आली आणि सहज बॅगेत हात घातला. आत ऊब होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. ऊन म्हणावं, तर त्या खोलीला खिडकीच नव्हती. तरी तिला बरं वाटलं. मग ती रोज गाल टेकायची. त्याच्या कडुनिंबाच्या साबणाचा वास यायचा. "बाबा हायेत बघ," लेकीच्या कानात सांगायची.

एका सकाळी वास बदलला. मोगऱ्याचं तेल. तिच्या घरात खोबरेलाशिवाय दुसरं तेल येतच नव्हतं.

पिसांत रोज एक खळगा असायचा. आज दोन होते. एकमेकांना चिकटून, एका माणसापुरत्या बॅगेत.

तिनं थापटून पिसं सारखी केली. जेवणं होईतो खळगे परत पडले.

तेवढ्यात शेजारच्या अनवरीनं हाक दिली, "उषाभाभी, फोन!" लेकीला काखोटीला मारून ती धावली.

ओंकारेश्वरहून अप्पाराव होता. "वहिनी, तब्येत कशीय? तुम्ही दवाखान्यात म्हणून वसंता जालना स्टेशनातूनच माघारी फिरला. जिवाला घोर लागून राह्यला."

उषानं लेकीला छातीशी आवळलं. नवस हिच्या जिवाचा होता.

ती घरी आली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दाराशी गोजरबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, हे गेलेच न्हाईत!"

गोजरबाईंनी वर पाहिलं नाही. एक खडा काढून बाजूला ठेवला.

"हळू बोल, बाई. दोघं आत्ताच निजलीत."