समुद्रफुलाचा घास

माजलगावच्या धरणाजवळ मासळी विकायला बसतात, तिथं मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून उभी होते. कुणी ओळखलं असतं तर मेलेच! आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर.

"मावशी, चिमूटभर कोळंबी द्या..."

शेजारी उभा असलेला तरुण फसकन हसला. "चिमूटभर? मांजराचं बारसं हाय का?"

"मांजर नाही. समुद्रफूल."

"फूल—कोळंबी खातं?"

खरं तर निघून जायला हवं होतं. पण डोळे लई मिश्कील होते मेल्याचे! मग सांगितलं. आमच्या कॉलेजात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. सरांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यातून आणलेला हा जीव दगडाला चिकटून, हात पसरून बसतो. जवळून काही गेलं की डंख मारून आत ओढतो. तोंड एकच, उरलंसुरलं तिथूनच बाहेर टाकतो. त्याला भरवायचं काम माझ्याकडं.

"म्हणजे आमच्या सरपंचासारखं," तो म्हणाला. "फक्त आमचे बाहेर काय टाकत न्हाईत."

मी इतकी हसले, की स्कार्फ सुटला. तो बघतच राहिला... आणि मीही.

रविवारी मला बघायला नांदूरघाटचे पाहुणे आले. पोहे घेऊन गेले, तर समोर—तोच! नाव भागवत. हाच हवा, मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

त्याच्या आत्यानं विचारलं, "आमी माळकरी. पोरी, मासळीला शिवत न्हाईस ना?"

भागवतनं हळूच मान हलवली—न्हाई म्हण.

खोटं बोलले असते तर जमलंच असतं. पण मग पुढं टाकीला हात कसा लावणार?

"शिवते," मी म्हणाले. "खात नाही. एका जीवाला भरवते." आणि सगळं सांगून टाकलं.

आत्यानं पिशवी उचलली. "उठा रे!"

"मी न्हाई उठणार," भागवत म्हणाला. "मला हीच पायजे. अन् आत्या... मी तर खातो बी."

माझे वडील, अण्णा, गळ्यातली माळ चाचपत होते.

"आज भरवलंस का त्याला?" अण्णांनी विचारलं.

"नाही. कालच भरवायचं होतं. पाहुणे येणार म्हणून तुम्ही घराबाहेर सोडलं नाही."

"मग? मुका जीव उपाशी ठिवून आपण पोहे खायचे व्हय?" अण्णा भागवतकडं वळले. "जावईबापू, गाडी काढा."