दोनदा टक्

"माझ्या हातून बाबा मेले का, एवढंच सांगा," ती म्हणाली. बापूंनी खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

खासगी तपासाच्या धंद्यात बापूंना तीस वर्षं झाली होती. नवरा, बायको, कारकून, चोर, सगळ्यांच्या पाळतीची कामं त्यांनी केली होती, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेजारी त्यांचे साडू बसले होते. निवृत्तीनंतर साडूंना घरात करमेना आणि घराला साडू सोसवेनात, म्हणून त्यांची रवानगी बापूंकडे झाली होती. मदत काडीची नाही, पण मोटार बरी चालवत.

मुलगी ग्रंथालयात नोकरीला होती. वडील घड्याळजी. दुकान बंद केल्यावर त्यांनी धाकट्या भावाच्या शेडमध्ये सोळा वर्षं धूळ खात पडलेली लाल स्पोर्ट्स कार घरी ओढून आणली आणि बापलेक वर्षभर तिच्या मागे लागले. आता इंजिन थंड ठेवणारी सगळी यंत्रणा काढून नवी बसवली होती. रेडिएटर, नळ्या, पाण्याचा पंप, पंखा. बॉनेटखालची जागा खरवडून रंगवूनही झाली होती.

"सोमवारी सकाळी आठला रेडिएटरचं झाकण मी लावलं आणि कामाला गेले," ती म्हणाली. "त्याला दोन खाचा असतात. अर्धं फिरवलं की एक टक्, पूर्ण फिरवलं की दुसरं. बाबा दर वेळी ओरडायचे, 'दोनदा टक् झालं का?' त्या दिवशी ते चहा करत होते, ओरडले नाहीत. आणि मला आठवत नाहीये हो. दोनदा झालं का एकदाच, आठवतच नाही."

"पोलीस काय म्हणतात?"

"झाकण अर्धवट होतं. तापल्यावर उडालं, उकळतं पाणी बाबांच्या तोंडावर आलं. ते उसळले आणि वर बॉनेटच्या हुकावर डोकं फुटलं. अपघात." तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "चेहरा राहिलाच नव्हता. मी पायातल्या चपलांवरून ओळखलं."

बापू उठले. साडूंनी किल्ली शोधायला दोन्ही खिसे उलटे केले. ती त्यांच्या हातातच होती.

गॅरेज पोलिसांनी चार दिवस कुलपात ठेवलं होतं. जमिनीवर हिरवं डबकं वाळून चिकट झालं होतं आणि त्याच्या कडेला रक्त काळं पडलं होतं. बॉनेटच्या लोखंडी हुकाला अजून केस चिकटलेले होते. छताच्या पत्र्यावर रक्ताच्या थेंबांच्या रांगा होत्या, एकीशेजारी एक. मुलगी दाराशीच थांबली.

"इतक्या उंच?" साडू मान वर करून म्हणाले. "जबर आपटलं असणार."

बॉनेट उघडं धरणारा दांडा पोलिसांनी जप्त केला होता.

"साडूभाऊ, तुम्ही फक्त बॉनेट धरा," बापू म्हणाले.

"धरतो. दुसरं काय येतं आम्हाला."

बापूंनी रेडिएटरच्या उघड्या तोंडात बोट घातलं. पहिल्या पेरालाच पाणी लागलं. त्यांनी बोट पांढऱ्या रुमालाला पुसलं आणि रुमाल उजेडात धरून पाहिला. मग भिंतीवरची खडूनं लिहिलेली कामांची यादी वाचली. शेवटच्या चार ओळी अशा होत्या: क्रमांक आठ – पाणी; नऊ – तापवणे; दहा – काढणे; अकरा – हिरवं. आठव्या कामापर्यंत बरोबरच्या खुणा होत्या.

भिंतीला एक लेडीज सायकल टांगली होती. हँडलवर घंटीचं फक्त बूड होतं, वरची वाटी नव्हती.

"आईची," मुलगी म्हणाली. "सोळा वर्षं झाली, तिला कुणीतरी उडवून गेलं. ती मोटार सापडलीच नाही. बाबांनी सायकल सरळ केली, वाटी मात्र मिळाली नाही."

"आणि पंख्याच्या आत हे काय खरडलंय?" साडू एका हातानं बॉनेट धरून वाकले होते.

"तारीख. बाबा दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूत आतून सुईनं तारीख कोरायचे. घड्याळजींची सवय. माझ्या कंपासपेटीतसुद्धा आहे."

फळीवर दुधाच्या पावडरचे डबे ओळीनं मांडलेले होते, प्रत्येकावर आकडा आणि आत चिठ्ठी: कुठला नट, कुठला बोल्ट. बापूंनी एकेक डबा उघडला. सतराव्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रेडिएटरखालच्या पन्हळीत सापडलं.' आत चेपलेली, गंजलेली एक पत्र्याची वाटी होती.

"भंगार," साडू म्हणाले. बॉनेट खाली ठेवून ते आता कोपऱ्यातल्या विजेच्या किटलीकडे वळले. "चहा टाकू का? अरे, हिच्यात सरबत केलं होतं की काय? बूड चिकटंय."

"ठेवा खाली!" बापू गरजले. साडूंच्या हातून किटली निसटली ती टेबलावरच आदळली. "तोंडाला लावाल तर उद्या मला मेहुणीला तोंड दाखवता येणार नाही."

कोपऱ्यावरच्या मोटार मिस्त्रीवर आधी पोलिसांचाही संशय गेला होता, कारण त्यानं घड्याळजींना पान्यानं डोकं फोडायची धमकी दिली होती.

"दिली होती," तो म्हणाला. "आणि संध्याकाळी दोघं चहा प्यायलो. आमचं भांडण रोजचंच! घड्याळजी ना ते, सगळं मोजून मापून. आधी साधं पाणी भरायचं, तापवायचं, कुठं झिरपतंय का बघायचं, काढून टाकायचं. मगच हिरवं. मी म्हणायचो, एकदाच काय ते कूलंट ओता आणि मोकळे व्हा. ऐकतायत कशाला!" एवढं बोलून त्यानं बाहीनं डोळे पुसले.

मुलीचे काका इमारतींचे ठेकेदार होते. ऑफिसात थंडगार हवा, टेबलावर काच, काचेखाली कुटुंबाचे फोटो.

"दहाला गेलो होतो. शेजारणीनं बघितलंय, लपवू कशाला?" ते म्हणाले. "दादानंच बोलावलं होतं, काहीतरी दाखवायचंय म्हणून. गेलो तर रेडिएटरमध्ये ते हिरवं कूलंट भरत होता. माझ्याकडे बघायलाही सवड नाही. पाच मिनिटांत निघालो. पोरीला झाकण लावायला देतात का हो कुणी? पण तिला बिचारीला बोलायचं तरी काय."

"गाडी तुमच्याकडे पडून का होती?"

"इंजिन धरलं होतं. त्यात वहिनी गेल्या. दादा न्यायला आला तेव्हा शंभरदा सांगितलं, भंगारात दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी सगळ्यांना गॅरेजमध्ये जमवलं. फौजदार, मिस्त्री, काका, मुलगी. साडू पुन्हा बॉनेट धरून उभे होते. हात भरून आले होते आणि तोंडावर तसं स्पष्ट लिहिलं होतं.

"अपघात झालाच नाही," बापू म्हणाले. "तापलेल्या रेडिएटरचं झाकण उडालं तर तो रिकामा होतो. हा काठोकाठ भरलाय. फौजदारसाहेब, बोट घाला."

फौजदारांनी बोट घातलं. "साधं पाणी."

"साधं. चेहऱ्यावर आणि जमिनीवर मात्र हिरवं. म्हणजे ते या रेडिएटरमधून आलंच नाही. ते कुणीतरी त्या किटलीत उकळलं, मेलेल्या माणसाच्या तोंडावर ओतलं आणि रेडिएटरचं झाकण काढून टाकलं. बुडाशी अजून चिकटलंय, माझ्या साडूंना विचारा. जखम लपवायची होती."

"कुठली जखम?" मुलीनं विचारलं.

बापूंनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "ते वाकलेले होते. कुणीतरी दांडा काढला आणि हे बॉनेट त्यांच्या डोक्यावर घातलं. उचललं, पुन्हा घातलं. पुन्हा उचललं. एकदाच डोकं आपटलं तर रक्त खाली सांडतं. छतावर रांगा पडतात त्या बॉनेट प्रत्येक वेळी वर जाताना. मी तीन मोजल्या."

मिस्त्रीनं तोंडावर हात ठेवला.

"यांच्यावर संशय होता," बापू त्याच्याकडे वळून म्हणाले, "पण यांना साधं पाणी आधी भरतात हे ठाऊक होतं. असा बनाव करायचा तर यांनी किटलीत साधंच पाणी उकळलं असतं. हिरवं घेतलं ते ज्यानं आयुष्यात मोटार नुसती चालवली त्यानं. शिवाय इथं एक माणूस असा आहे, ज्यानं घड्याळजींना रेडिएटरमध्ये हिरवं भरताना पाहिलं. जे घडलंच नाही, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं."

काका हसले. "माझी बघण्यात चूक झाली असेल. सख्ख्या भावाला मी का मारीन?"

बापूंनी खिशातून वाटी काढली आणि सायकलच्या घंटीच्या बुडावर ठेवली. चेपली होती तरी कड कडेला बरोबर लागली. त्यांनी ती उलटी करून मुलीच्या हातात दिली. गंजाखाली सुईनं कोरलेली तारीख होती.

"आईच्या वाढदिवसाची," ती पुटपुटली. "बाबांनी घंटी दुरुस्त करून दिली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी..."

"ही या मोटारीच्या रेडिएटरखाली सापडली. पुढचा पत्रा तुम्ही बदललात, काका, पण पन्हळीत बघितलं नाहीत. दादांनी तुम्हाला हेच दाखवायला बोलावलं. पोलिसांच्या आधी भावाला. बिचाऱ्यानं तेवढी संधी दिली."

"ती एकदम आडवी आली!" काका किंचाळले. "मी काय मुद्दाम केलं का? आणि दादा वाटी दाखवायच्या आधीच म्हणतो, चौकीवर चल!"

इंजिनच्या कडेला मोठा पाना पडला होता. काकांनी झडप घातली. तो उचलून बापूंच्या डोक्यावर घालायला त्यांना एक क्षण पुरला असता.

साडूंनी बॉनेट सोडलं.

मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. काका गुडघ्यावर कोसळून गुरासारखे ओरडू लागले, हात अजून आतच होता. फौजदारांनी तो बाहेर काढला तेव्हा बोटं भलतीकडेच वळलेली होती.

"तुम्हीच म्हणालात, फक्त बॉनेट धरा," साडू म्हणाले. "हात भरून आला हो."

"आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर भरून आला," बापू म्हणाले आणि त्यांनी साडूंना घट्ट मिठी मारली.

काकांना नेल्यावर मिस्त्रीनं बॉनेट पुन्हा वर धरलं. मुलगी गाडीपुढे उभी होती.

"पण झाकण?" तिनं विचारलं. "मी नीट लावलं होतं का?"

"लाव बघू," बापू म्हणाले. "विचार न करता. रोज लावायचीस तसं."

तिनं झाकण घेतलं, तोंडावर ठेवलं आणि फिरवलं. टक्. हात थांबला नाही. टक्.

ती आपल्याच हाताकडे बघत राहिली. मग मोठ्यानं, मागच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं हो बाबा! दोनदा!"