वहीच्या पाठीतलं पान

दफ्तरखान्याच्या तळघरात भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय आपला हात आपल्याला दिसत नाही. खळकाकांना त्याचं काही वाटत नसे. उभं आयुष्य त्यांनी वह्यांच्या पाठी शिवण्यात घालवलं होतं, आणि ते काम डोळ्यांपेक्षा बोटांचं जास्त. बोटांना सदा खळीचा वास, म्हणून नाव पडलं खळकाका. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते त्यांना वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे येत. पानं मागेपुढे शिवून कसं चालेल?

त्या दिवशी वरच्या कारकुनाने हाक मारली. "काका, एक बाई आल्यात. इतिहास लिहितात. त्यांना पुलावरच्या चौकीची जुनी वही पाहिजे, आणि ती वही हात लावला की पाठ सोडतेय. खाली बसून शिवून द्या. आणि उंदरांना माझा नमस्कार सांगा."

काका हसले नाहीत. पुलाची चौकी म्हटल्यावर त्यांच्या हातातली सुई थांबली होती.

गोष्ट अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची. नदी एका रात्रीत चढली आणि खालची वस्ती घेऊन गेली. पुलावर एक पहारेकरी असे. दर तासाला पुलाच्या खांबावरची फुटांची पट्टी बघायची, पाणी किती ते वहीत लिहायचं आणि पाणी वाढलं तर घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. चौकशी दोन-तीन वर्षं रेंगाळली आणि अहवालात लिहून आलं की पहारेकरी झोपला, घंटा वाजलीच नाही. त्याला विचारायची सोय नव्हती. चौकीबरोबर तोही गेला होता; वही तेवढी घंटेच्या दांडीला उंच बांधलेली सापडली. मागे राहिली बायको आणि सात वर्षांची मुलगी. ती मुलगी गावात 'झोपाळूची पोर' म्हणून वाढली. तिला मागणी घालायला कोणी येत नव्हतं, तेव्हा खळकाका गेले. संसार सुखाचा झाला. पण म्हातारी अजून, भाजी निवडता निवडता मध्येच थांबून म्हणते, "बाबा झोपले नव्हते हो. घंटा मी ऐकलीय. ती ऐकूनच आईने मला खांद्यावर घेतलं."

अभ्यासक बाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. पहिल्याच दिवशी काकांनी चाचरत सगळं सांगून टाकलं. बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं.

"काकू खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या तेव्हा सात वर्षांच्या. त्यात पहारेकऱ्याचीच मुलगी. आणि साठ वर्षं मनात घोळवलेली आठवण घासून घासून गुळगुळीत होते. एवढ्यावर मी 'घंटा वाजली' असं लिहिलं, तर उद्या कोणीही उठून काहीही लिहील."

"मग अहवाल खरा?"

"तसंही नाही. माझी एक खोड आहे. कोणताही कागद आला की त्याला मी चार गोष्टी विचारते. तुला कोणी लिहिलं? कधी लिहिलं? लिहिताना तो कुठे उभा होता? आणि लिहून त्याचं काय वाचलं, काय गेलं?"

काकांनी मान डोलावली. "आमच्या धंद्यात एकच विचारतात. वही उघडल्यावर सपाट पडते का?"

"आणि नाही पडली तर?"

"तर आत काहीतरी जास्तीचं आहे."

बाई मनापासून हसल्या. दोघांचं जमलं ते तिथूनच.

वही पुढे आली. जाड, काळसर, शिवण सैल झालेली. काकांनी ती उघडून टेबलावर ठेवली आणि तळघरात घासलेटचा वास आला. आता तिथे विजेचा दिवा. घासलेट कुठून येणार? बाई म्हणाल्या, "जुना कागद असे वास धरून ठेवतो." असेलही.

दुसऱ्या दिवशी बाई चहा प्यायला वर गेल्या होत्या. काका एकटेच शिवणीचा दोरा उसवत होते. मागच्या कपाटांच्या रांगेतून कोणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. मग हळू, थकलेल्या माणसाने स्वतःशीच मोजावं तसं... "सात... साडेसात..."

काकांचा हात थांबला. मानेवर गार वारा आला. त्याला ओल्या घोंगडीचा वास होता. पळावं असं त्यांना वाटलं, नाही कशाला म्हणायचं? पण गुडघे आता पळण्यासारखे राहिले नव्हते, आणि तो आवाज भीती घालणारा नव्हताच. रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाचा आवाज होता तो. काकांनी शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा," ते म्हणाले.

बाई परत आल्या तेव्हा स्टूल ओलं होतं. त्यांनी वर छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं.

"काका, पाणी सांडलंत का?"

"नाही." काकांनी स्टूल फडक्याने पुसलं. "बाई, मेलेल्या माणसाची साक्ष चालते तुमच्याकडे?"

"मेलेल्यांचीच तर चालते," बाई म्हणाल्या. "फक्त त्याने जिवंतपणी लिहिलेली पाहिजे."

तिसऱ्या दिवशी काका पूल ओलांडून कामावर आले, तेव्हा सवयीने त्यांनी पट्टीकडे पाहिलं. पाणी चार फुटांवर होतं, संथ. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. तळघराच्या जिन्याशी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही असते. तिच्यात बाईंनी नाव आणि वेळ लिहिली, काकांनी अंगठा उठवला आणि दोघं खाली उतरले.

त्या दिवशी पुलाच्या वहीच्या पाठीवर एक ओला डाग होता, अंगठ्याएवढा. काकांनी फडक्याने टिपला. तो पुन्हा आला. परत टिपला. परत आला, त्याच जागी, जणू कोणी बोट ठेवून दाखवतंय. "कागदाने ओल धरलीय," बाई म्हणाल्या, पण या वेळी त्यांचा आवाज बारीक झाला होता. काकांनी सुरी घेतली आणि वहीची पाठ तिथेच, त्या डागावर, हलकेच सोलली.

आधी लक्ष गेलं ते पुराच्या रात्रीच्या पानाकडे. पाठ सुटल्यावर बाकीची पानं जोडीजोडीने हलली, पण हे पान एकटंच. ते दोऱ्याने शिवलेलं नव्हतं, कापलेल्या पानाच्या बुंध्यावर चिकटवलेलं होतं. काकांनी सुकलेल्या खळीवरून बोट फिरवलं, वही दिव्याजवळ नेली आणि तसेच बसून राहिले.

खळीला हिरवट-निळी झाक होती.

"काय झालं काका?"

"मोरचूद," काका म्हणाले. "वाळवी लागू नये म्हणून खळीत चिमूटभर घालतात. मी मूठभर घालायचो. काम शिकवणारे उस्ताद हसायचे मला, म्हणायचे, वही शिवतोस की मोर रंगवतोस? असली खळ या गावात दुसऱ्या कोणाची नव्हती."

"म्हणजे हे पान..."

"मी लावलंय."

बाई हळूच समोर बसल्या. "तुम्ही कामाला कधी लागलात?"

"पुरानंतर दोन वर्षांनी."

अहवालात झोपेचा पुरावा म्हणून हेच पान दाखवलं होतं. मध्यरात्रीनंतरच्या साऱ्या ओळी कोऱ्या, एकही नोंद नाही. आणि पुराच्या रात्रीचं ते पान पुरानंतर दोन वर्षांनी वहीत आलं होतं.

मग काकांना तो दिवस आठवला. वय सोळा. उस्ताद जेवायला गेलेले. एक कोटवाले साहेब आले, म्हणाले, हे पान खराब झालंय, त्याची चांगली प्रत आणलीय, ती लावून दे आणि खराब पान जाळून टाक. आयुष्यातलं पहिलं एकट्याने केलेलं काम. किती निगुतीने केलं होतं! साहेबांनी पाठ थोपटली होती. रात्री घरी येऊन आईला सांगितलं होतं.

"वाचता येत असतं तर," काका म्हणाले.

बाईंनी घाई केली नाही. मग विचारलं, "आणि जाळायचं पान? जाळलंत?"

काकांनी वर पाहिलं. डोळे ओले होते, पण त्यांत एकदम कारागीर जागा झाला. "कागद जाळायचा? उस्तादांनी हात तोडले असते. जाड कागद वाया घालवायचा नाही. पट्ट्या कापायच्या आणि..."

"आणि?"

"पाठीत भरायच्या. पाठ मजबूत होते."

ओला डाग पाठीवर होता तो का, हे तेव्हा दोघांनाही कळलं. बाईंनी नुसता दिवा जवळ घेतला.

पट्ट्या पाच निघाल्या. काकांनी त्या वाफेवर धरून एकेक सोडवल्या आणि काचेवर ओळीने जुळवल्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. म्हातारी डबा घेऊन आली होती, रोजच्यासारखी.

"किती अंधारात बसता हो," ती म्हणाली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. नाक वर करून तिने श्वास घेतला. "हा... हा बाबांच्या कंदिलाचा वास."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि पट्ट्या वाचून दाखवल्या, सावकाश, एकेक अक्षर चाचपत. रात्री एक वाजता, पाणी नऊ फूट. साहेबांच्या बंगल्यावर निरोप धाडला. दोन वाजता, अकरा फूट. साहेबांचा हुकूम, घंटा नको, लोक उगाच घाबरतील. तीन वाजता, चौदा. हुकूम मोडतो आहे. घंटा वाजवत आहे.

खाली आणखी काही नव्हतं.

म्हातारी रडली नाही. पदराच्या टोकाची गाठ सोडत-बांधत राहिली. "पण मग बाकी कोणी कशी ऐकली नाही हो बाई?"

"ज्यांनी ऐकली असेल ते खालच्या वस्तीतले, काकू. ते सांगायला उरले नाहीत. जे वाचले ते टेकाडावर, लांब. अहवाल लिहिणाऱ्यांनी टेकाडावरच्यांनाच विचारलं. तुम्ही वाचलात कारण आईने घंटा ऐकून तुम्हाला खांद्यावर घेतलं. आता तुमचं बोलणं एकटं नाही. त्याला जोड मिळाली."

काकांनी घसा साफ केला. "अगं, ते खोटं पान मी चिकटवलं होतं."

म्हातारीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात इतका वेळ तिने त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला वाचता येत होतं?"

"नाही."

"मग लिहिणारा दुसरा. आणि खरं पान पोटाशी धरून ठेवलंत ते कोणी?" तिने डबा उघडला. "जेवा आता. निवतंय."

तसं पाहिलं तर गोष्ट इथेच संपायला हवी. बाईंनीही वही मिटली आणि म्हणाल्या, "तरी उद्या शाई तपासून घेईन. अक्षर मागच्या पानांशी ताडून बघेन. नऊच्या आकड्याची ही लांब शेपटी बघा, ओळीच्या खाली वळवलेली. मागे सगळीकडे अशीच आहे, चिकटवलेल्या पानावर नाही." काकांनी ती शेपटी बोटाने गिरवली. सासऱ्याची एवढीच ओळख त्यांना झाली, आकड्यांमधून.

तिघं वर निघाले. जिन्याशी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही उघडीच होती. बाईंनी जायची वेळ लिहायला पेन उचललं आणि ते तसंच धरून राहिल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "आज आपल्यानंतर इथे कोण आलं होतं?"

काकांच्या अंगठ्याखाली, नावाच्या जागी काहीच न लिहिता, दोन ओळी होत्या. आकडेच होते, म्हणून काकांनाही वाचता आले. १, त्यापुढे ४. २, त्यापुढे ९.

नऊची शेपटी लांब होती. ओळीच्या खाली वळवलेली.

काकांनी तिला बोट लावलं. शाई बोटाला लागली.

दारातून बाहेर ऊन दिसत होतं. कारकून टेबलावर डोकं ठेवून डुलक्या काढत होता. त्याच्या डोक्यावरच्या घड्याळात तीनला बारा मिनिटं कमी होती. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

"चार तर सकाळी मी स्वतः पाहिले," काका कुजबुजले. "तासाभरात पाच फूट... बाई, तुमच्या त्या चार गोष्टी..."

बाईंचे ओठ हलले. कोणी लिहिलं. कधी लिहिलं. काय वाचलं, काय गेलं. मग त्या थोड्या मोठ्याने म्हणाल्या, "लिहिताना तो कुठे उभा होता?"

"पाण्यापाशी," म्हातारी म्हणाली. तिने वहीत पाहिलंही नव्हतं. ती पदर खोचत होती. "अहो, पुलावरची घंटा अजून आहे ना?"

"आहे. गंजलीय."

"तुम्ही तिकडे व्हा. बाई, तुम्ही या पोराला उठवा आणि वरच्या साहेबांना फोन करायला लावा. खालच्या नव्या वस्तीतली दारं मी ठोठावते. मला ओळखतात ते. झोपाळूची पोर म्हणतील, म्हणू देत."

एरवी एका साक्षीवर एक ओळही न लिहिणाऱ्या बाई तोवर कारकुनाच्या टेबलाशी पोचल्या होत्या.

काका उंबऱ्यात पोचले आणि त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. तिसरी ओळ सुरू झाली होती. ३चा आकडा ओला चमकत होता.

पुढची जागा अजून कोरी होती.