पाच माशांचा टँक

दुपारी तीनच्या सामसुमीत टँकच्या पंपाने घोट गिळल्यासारखा आवाज केला. पाणी उडून पातळी खाली गेली की तो असाच गुळकन बोलायचा. क्षितिजाने झोपलेल्या लेकीच्या, पिंकीच्या डोक्याखालचा हात अलगद सोडवला, साध्या पाण्याचा जग भरला आणि टँकमध्ये ओतता ओतता थांबली. पिवळ्या माशाच्या अंगावर कुणी मीठ भुरभुरावं तसे पांढरे कण होते.

तिने ते मोजले. बेचाळीस. काशीमीऱ्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती दिवसभर काचपट्टीवर मलेरियाचे जंतू मोजायची. सुट्टीच्या दिवशीही डोळ्यांना चैन नव्हती.

हाटकेशमधल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चार फूट लांबीचा समुद्र होता. तो निकेतने, तिच्या नवऱ्याने, हौसेने मांडलेला. खडक, प्रवाळ, पाच मासे आणि लाल पाठीची एक कोळंबी. ही कोळंबी एका ठरावीक खडकावर बसायची, मासे तिच्यापुढे येऊन उभे राहायचे आणि ती त्यांच्या अंगावरची घाण टिपून खायची. सासूबाई त्या खडकाला सलून म्हणत.

पण टँकचा खरा उपकार वेगळाच होता. साडेतीन वर्षांची होईपर्यंत पिंकी एक शब्द बोलली नव्हती. टँक आला आणि आठवड्याभरात काचेला नाक लावून ती म्हणाली, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

मासे पाचच होते. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलतेय ना, मग चुका काढू नका. कुणीही काढल्या नाहीत. सासूबाई तर पाच पोळ्या लाटून सहा म्हणायला लागल्या. आता मासे गेले तर पिंकीचे शब्दही त्यांच्यामागून जातील, ही भीती क्षितिजाने निकेतलाही सांगितली नव्हती.

संध्याकाळी घरात वैद्यकीय परिषद भरली. सासूबाईंनी लांबूनच निदान केलं, कांजिण्या, आणि काचेला बाहेरून कडुलिंबाची डहाळी चिकटवली. निकेतने मोबाइलवर तासभर वाचून खरा उपाय काढला. औषध तांब्याचं. त्याने जंतू मरतात, पण प्रवाळ आणि कोळंबीही मरते. म्हणून मासे तेवढे वेगळ्या टबात औषधाच्या पाण्यात ठेवायचे आणि मोठा टँक शहात्तर दिवस माशांविना राहू द्यायचा. अंगावर बसायला मासा मिळाला नाही की टँकमधले जंतू उपासमारीने मरतात. मात्र एकही मासा मागे राहता कामा नये.

"पाहुण्यांचंही तसंच असतं," सासूबाई म्हणाल्या. "दाराला कुलूप दिसलं की जातात बिचारे."

रविवारी सकाळी मासे धरायचा कार्यक्रम झाला. बर्म्युडा घातलेल्या निकेतचा हात खांद्यापर्यंत पाण्यात, सासूबाई टॉर्च दाखवतायत, क्षितिजा जाळी धरून, आणि पिवळा मासा तिघांनाही दाद देत नाहीये. शेवटी सगळे खडक एकेक करून बादल्यांत काढावे लागले, तेव्हा कुठे तो हाती आला. पाचही जण बाल्कनीतल्या टबात, वाळत घातलेल्या चादरींखाली जाऊन पडले.

पिंकीने टबात वाकून मोजलं. "एक, दोन, तीन, चार, पाच."

ती थांबली. सहा म्हणाली नाही. निकेतचे डोळे भरून आले, पोरीला मोजता यायला लागलं म्हणून. सासूबाईंनी साखर आणायला स्वयंपाकघराकडे पाऊल टाकलं.

पिंकी हॉलमध्ये गेली. रिकाम्या टँकच्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, "सहा."

क्षितिजाने पुन्हा बाह्या सरसावल्या. परत लावलेला प्रत्येक खडक उचलून पाहिला, वाळू चाचपली. काही नव्हतं. पोरांचं डोकं, दुसरं काय, असं तिने स्वतःला सांगितलं.

कालनिर्णयाच्या दिवसांवर रोज एक फुली पडू लागली. टबातले मासे साफ झाले, खायला लागले, दांडगाई करायला लागले. मोठ्या टँकमध्ये मात्र कोळंबी रोज दुपारी सलून उघडायची. खडकावर चढून मिशा हलवायची आणि मग समोरच्या रिकाम्या पाण्यात पाय चालवत राहायची. हातभर सरकायची, पुन्हा मागे यायची, अगदी पाठ खाजवून दिल्यासारखी. सवय, क्षितिजा म्हणाली. निकेत म्हणाला, आमच्या ऑफिसातही असे दोघं आहेत, समोर काम नसलं तरी हात चालू.

पन्नासाव्या दिवशी तारोडीहून नेहमीची कोळीण, इंदूबाई, मासे विकायला घेऊन आली. दर वेळी ती टँकला नावं ठेवायची. पाळायचे कसले, तळा नि खावा, हे तिचं ठरलेलं. त्या दिवशी टोपली उतरवून तिने टँककडे बघितलं आणि पदर खांद्यावरून पुढे ओढला.

"ह्यो इकायचा न्हाय ना?"

"कुठला, इंदूबाई?"

"न्हाय ना? मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि बोंबील निवडायला बसली. क्षितिजाने दोनदा विचारलं. इंदूबाईने दोन्ही वेळा बोंबलांचंच कौतुक सांगितलं.

शहात्तरावी फुली पडली. सासूबाईंनी शिरा केला. क्षितिजाने लॅबमधलं जुनं भिंग आणून पाचही मासे डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासले. एक कण नाही. मग त्यांना समारंभाने मोठ्या टँकमध्ये सोडलं.

चौथ्या दिवशी पिवळ्याच्या अंगावर मीठ.

तिने दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भाभी, एक मछली अंदर रह गई होगी." तिने सांगितलं, नाही राहिली, एकेक खडक उचललाय. "तो फिर बीमारी खा क्या रही थी?" त्याने विचारलं, आणि दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

क्षितिजा फोन हातात धरून बसली. मासे साफ होते, हे तिने भिंगाने पाहिलं होतं. नवीन पाणी नाही, नवीन खडक नाही. अंगावर बसायला कुणी नसेल तर हे जंतू जगत नाहीत, आणि ते जगले होते. म्हणजे आत कुणीतरी होतं. लॅबमध्ये असा रिपोर्ट हाती आला असता तर तिने बिनदिक्कत सही केली असती.

पुन्हा रविवार, पुन्हा बर्म्युडा, पुन्हा टॉर्च. पाच मासे टबात. निकेत उत्साहात होता; या वेळी आपण नव्वद दिवस ठेवू म्हणाला आणि सासूबाईंना घेऊन भाजीला गेला.

घरात मायलेकी उरल्या. ऊन काचेवर तिरपं आलं होतं. कोळंबी खडकावर चढली आणि तिने मिशा हलवल्या.

क्षितिजा स्टूल ओढून बसली. कोळंबी एका टोकापासून पाय चालवत निघाली आणि सरकतच राहिली. मागच्या वेळी हातभर. आज ती टँकच्या निम्म्याहून पुढे जाऊन थांबली.

मग तिने पाण्यातून एक पांढरा कण टिपला आणि खाल्ला.

क्षितिजा पुढे वाकली. उन्हात आणखी कण दिसले. पाण्यात अधांतरी. ते खाली बसत नव्हते, पंपाच्या धारेने वाहत नव्हते. एकमेकांपासूनचं अंतर राखून सगळे जागच्या जागी होते.

ती मोजायला लागली. दुसरं काही सुचलंच नाही. दोनशे बाराला सगळे कण एकदम वळले.

काचेपर्यंत आले. थांबले.

पिंकी स्टुलाला टेकून उभी होती. तिने एक हात काचेवर ठेवला आणि दुसऱ्याने आईचा पदर धरला. ती रागावली नव्हती. तिला फक्त वाईट वाटलं होतं. आजवर ती एवढं लांब वाक्य कधी बोलली नव्हती.

"आई, सगळ्यांना औषध दिलंस, मग त्यालाच का नाही दिलंस?"