विदनडेलचा शेवटचा उन्हाळा

मी दार उघडलं, तर उंबऱ्यावर मोजायची टेप धरून एक तरुण वाकलेला.

"माफ करा... घर मोजतोय."

"मोजा की! बुडवायचंच, तर मापात बुडवा."

त्याचे कान लालबुंद झाले. लेनर्ड त्याचं नाव. शहराला पाणी हवं, म्हणून आमचं विदनडेल गाव धरणाच्या पाण्याखाली जायचं होतं, आणि हा धरणवाल्यांचा माणूस. त्याचा राग यायला हवा होता... आला नाही.

दर उन्हाळ्यात आम्ही गावचा झरा सजवायचो. लाकडी चौकटीत ओली माती थापायची, तिच्यावर एकेक पाकळी दाबून चित्र उभं करायचं, आणि ते झऱ्यापाशी मांडायचं. यंदाचं शेवटचं. बागा मात्र फुलत होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही बायका कोठारात पाकळ्या लावत होतो, तेव्हा लेनर्ड आला, टोपी हातात घेऊन. "मीही लावू... दोन पाकळ्या?"

मी सरकून जागा दिली.

तासाभरात त्यानं चित्रातलं निळं आभाळ भरलं — वरून खाली! बॅगशॉ काकूंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, खालून वर लावायच्या, कौलं बसवतात तशा. नाहीतर पावसाचं पाणी आत शिरतं."

"शिरणारच, काकू. पाणी आणणं हाच तर याचा धंदा," मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. तोही हसला, आणि मुकाट्यानं सगळं आभाळ उपटून पुन्हा लावायला बसला. पाकळी देताना बोटाला बोट लागलं... कुणीच मागे घेतलं नाही.

मग तो रोज भेटायचा. ओढ्याकाठी, कुंपणाशी, चर्चच्या पायरीवर. कधीकाळी प्लेगनं अर्धं गाव कसं नेलं, उरलेलं अर्धं या झऱ्यावर कसं जगलं, मी सांगायची.

"हे तुझ्या वहीत लिहीत नाहीस?"

"वहीत फक्त लांबी-रुंदी लिहितात, विनी."

सप्टेंबरात चर्चमागच्या कबरी दुसरीकडे हलवायला उकरल्या. आईची शवपेटी गाडीवर चढली, तेव्हा बाबा उघड्या डोक्यानं उभे होते. त्याच संध्याकाळी लेनर्ड आला.

"सोमवारी माझी बदली. लग्न करशील माझ्याशी? चल ना... माझ्याबरोबर."

"कुठं?"

"वेल्समध्ये. एक दरी आहे."

"तिथं गाव आहे?"

"आहे. बावीस घरं."

"सोड ही नोकरी."

"आई आहे, चार लहान भावंडं आहेत. त्यांना काय खाऊ घालू?"

कळत होतं मला. सगळं कळत होतं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी पहिल्यांदाच म्हणाले. "पण रोज संध्याकाळी तुझ्या बुटांना कुणाच्या तरी अंगणाची माती असेल. ती मी कशी झाडू, लेनर्ड?"

"वाट बघू?"

"नको."

तो टेकडीच्या वळणापर्यंत दिसत राहिला. बाबा दारात आले. उन्हाळाभर त्यांनी त्याचं नाव उच्चारलं नव्हतं.

"गेला?"

"गेला."

"चांगला होता गं पोरगा," बाबा म्हणाले, आणि मग मात्र मी उंबऱ्यावरच बसून रडले.