लेखक हयात आहेत

कादंबरी छापायला पाठवायची तर तिची मुद्रणप्रत नीट करावी लागते, हे राहीला नवऱ्यानंच शिकवलं होतं. कागद पांढरा, फुलस्केप. लिहायचं एकाच बाजूला. डावीकडं चार बोटं समास. खाडाखोड झाली तर पान फाडून पुन्हा लिहायचं, आळस करायचा नाही. शेवटी पानांना आकडे घालून दोऱ्यानं ओवायचं आणि सोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं मोठं पाकीट ठेवायचं. ते नसेल तर नापसंत लिखाण परत येत नाही, रद्दीत जातं.

राघो घुडे हा मुरबाड तालुक्यातला प्राथमिक शिक्षक. सिद्धगडाच्या पायथ्याशी, नारिवलीकडच्या शाळेत त्यानं चौदा वर्षं काढली आणि त्यातली नऊ वर्षं एक कादंबरी लिहिण्यात घालवली. लिहायचा तो पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी त्याचं त्याला लागायचं नाही. राहीला लागायचं. ती सातवी पास, गावची अंगणवाडी चालवायची. तो लिहायचा, ती उतरवून काढायची.

"दोन वाक्यं खाल्लीस गो," तो मिळवून बघताना म्हणायचा.

"तुमचं लांबलं होतं," ती म्हणायची. तो हसायचा आणि बहुतेक वेळा ती वाक्यं खाल्लेलीच राहायची.

पंच्याण्णव सालच्या भादव्यात तो काविळीनं गेला. मुरबाडच्या दवाखान्यात त्याचे डोळे राहीनं स्वतःच्या हातानं मिटले, आणि नदीवर धूर दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असेल. तसलं काही नव्हतं. राही भलती हिशेबी बाई. पोरांची वजनं घ्यायची तर काटा तीनदा बघायची. आणि तिला एकच गोष्ट उरकायची होती. जाताना त्यानं म्हटलं होतं, पुस्तक कर. तेवढं करायचं.

कादंबरी पहिल्यांदा पुण्याला गेली. राहीनं भोळेपणानं खरं तेच कळवलं, माझ्या दिवंगत पतीचं हे लिखाण आहे. तीन महिन्यांनी पाकीट परत आलं. सोबत चिठ्ठी, लेखक हयात नसल्यास दुरुस्त्या कोण करणार, क्षमस्व. मुंबईच्या एकानंही थोड्याफार फरकानं तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी तिनं पेन उचललं आणि लिहिलं, 'मी माझी कादंबरी आपल्याकडे पाठवीत आहे.' खाली सही केली, रा. ध. घुडे. त्याची सही तिला त्याच्याहून चांगली यायची.

खोटं म्हणाल तर खोटं. पण त्या 'मी'वर पेन टेकलं तेव्हा तिला बरं वाटलं, हेही खरं. पत्रात ती मग एखादी ओळ जास्तच घालायला लागली. इकडे भात निसवलं आहे. शाळेचं छप्पर गळतं आहे. हे लिहिताना तेवढ्यापुरता तो ओटीवर पाय पसरून बसलेला असायचा. पाकीट परत आलं की तिला वाईट वाटायचं, आणि आता पुन्हा पत्र लिहायला मिळणार म्हणून जरा बरंही वाटायचं.

महादू पोस्टमनला मात्र हे पटत नसे. म्हातारा माणूस, राघोच्या तिरडीला त्यानं खांदा दिलेला.

"वैनी, अजून गुरुजींच्याच नावानं येतंय."

"येऊ दे."

"आपण कळवून टाकावं. गेलेल्या माणसाला अशा हाका मारू नये."

"मी कळवीन," ती म्हणायची आणि दार लोटून घ्यायची.

दोन हजार एकच्या जानेवारीत शहापूरहून पत्र आलं. हनुमान पष्टे नावाचे एक गृहस्थ तिथल्या बाजारपेठेत छापखाना चालवत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि वर्षाकाठी हौसेनं दोन-तीन पुस्तकं. त्यांनी लिहिलं होतं, 'कादंबरी आवडली. छापायची इच्छा आहे. फक्त चौथे प्रकरण आपण घाईत उरकले आहे, ते वाढवावे. प्रत्यक्ष येऊन भेटल्यास उत्तम.'

राही पत्र घेऊन कितीतरी वेळ चुलीपाशी बसली. एवढी वर्षं जे हवं होतं ते दारात आलं होतं आणि त्याला एक पान कमी पडत होतं. चौथं प्रकरण वाढवणार कोण? ती उतरवून काढणारी. तिनं उत्तर लिहिलं, 'प्रकृती ठीक नसल्याने येणे जमणार नाही. आहे तसेच छापता आल्यास पाहावे.'

पंधरा दिवसांनी पष्टेंचं उलट पत्र आलं.

'परवा मंगळवारी आपण आलात, आनंद झाला. प्रकृतीची काळजी वाटत होती, पण आपण अगदी ठणठणीत दिसलात. अक्षर मला लागले नाही, पण नवे चौथे प्रकरण आपण वाचून दाखवलेत. फार सुंदर उतरले आहे. पुढच्या मंगळवारी पाचव्याचे बोलू.'

राहीनं पत्र दोनदा वाचलं. कुणीतरी चेष्टा करतंय असं तिला वाटलं. मग तिनं नीट विचार केला. चेष्टेसाठी माणूस तीन गाड्या बदलून शहापूरला जाईलही एखादा, पण कादंबरीचं अख्खं प्रकरण लिहून कोण नेईल? तिनं पष्टेंना कळवलं, 'नव्या प्रकरणाची मुद्रणप्रत घरीच करून देतो, कागद पाठवावेत.' सही केली. 

कागद आले. तिनं पाकीट उघडलं आणि वरचंच पान उजेडाला नेलं. तिरकं, घाईचं, कुणालाही न लागणारं अक्षर. तिला पहिल्या ओळीपासून लागलं.

पान उलटलं तर मागं उत्तरपत्रिका. इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास, सहामाही परीक्षा, ऑक्टोबर दोन हजार. नाव जैतू. दुसऱ्या पानामागं हर्षाली, तिसऱ्यामागं दीपेश. ही पोरं तिच्याच अंगणवाडीतून शाळेत गेलेली, तिनं त्यांना काट्यावर ठेवलेलं. राघो गेला तेव्हा त्यांनी शाळेची पायरीही चढली नव्हती. प्रत्येक पेपरावर लाल शाईनं गुण दिलेले आणि खाली आखूड सही होती, रा. घु.

ती शाळेत गेली. भावना मॅडम आता तिसरीला होत्या. त्यांनी कपाट उघडून सहामाहीचे पेपर दाखवले. सगळे जागेवर होते. जैतूचा होता, हर्षालीचाही होता. गुण त्यांच्या हिरव्या शाईत.

"का हो राहीबाई?"

"काय नाय. सहज."

तीन दुपारी बसून राहीनं ते प्रकरण उतरवलं. एक वाक्य खाल्लं नाही. प्रकरणात एक बाई नाचणीची आंबील करते असं होतं, आणि तिथं समासात त्यानं बारीक लिहिलं होतं, 'आंबील किती वेळ आंबवतात? राहीला विचारलं असतं.'

त्या ओळीवर बोट ठेवून ती रडली. एवढी तो गेला तेव्हाही रडली नव्हती. आणि मग तिला राग आला. हा माणूस शहापूरला जातो. किन्हवलीवरून गाडीत बसून, खुर्चीत बसून, परक्या माणसाशी चौथ्या-पाचव्याचं बोलतो. घर लांब नाही, वाट नवी नाही. पुस्तकासाठी येतो आणि बायकोसाठी येत नाही. पुस्तक आता तिला नकोच होतं. चुलीत गेलं तरी चाललं असतं. तिला तो घरी पाहिजे होता, ओटीवर, एकदाच आला तरी चाललं असतं.

मंगळवारी तिनं अंगणवाडीची किल्ली मदतनीस जनीकडं दिली आणि मुरबाडला निघाली. शहापूरच्या गाडीत बसल्यावर तिनं एक ठरवलं. आपला नवरा इथून कुठं जातो, हे परक्याला विचारणारी बायको हसं करून घेते. बहीण विचारू शकते. बहीण म्हणून विचारायचं.

सरळगावच्या पुढं गाडीचं चाक बसलं. ती छापखान्याच्या पायऱ्या चढली तेव्हा चार वाजून गेले होते.

आत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. टेबलामागं चष्मा कपाळावर चढवलेले पष्टे बसले होते. समोरची खुर्ची बाहेर ओढलेली, जसा कुणी आत्ता उठून गेला असावा. टेबलावर कपात दोन घोट चहा राहिला होता.

"मी राघो गुरुजींची बहीण," राही म्हणाली. "नारिवलीकडून आले."

"अरे, बसा ताई. चुकामूक झाली तुमची. गुरुजी अर्ध्या तासापूर्वीच गेले."

राहीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड जरा ऊन होतं.

"कुठं गेले?"

"घरी. थांबा म्हटलं, जेवून जा म्हटलं, पण ते कधी थांबतात? दिवेलागणीच्या आत घरी उदबत्ती लागायला पाहिजे म्हणतात. रोजचं आहे त्यांचं." पष्टेंनी आवाज खाली आणला. "वहिनी गेल्यापासून खचलाय हो माणूस. बोलताना कळत नाही, पण कळतं."

 बाहेर रिक्षावाला आटगाव, आटगाव ओरडत होता.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली. "काय बोलतात ते वहिनींबद्दल?"

"फार नाही. आंबील करायच्या, अंगणवाडी होती. काविळीनं गेल्या ना? सहा वर्षं झाली म्हणाले." पष्टे तिच्याकडं बघायला लागले. "तुमाला पाणी देऊ का, ताई?"

"नको."

"पुस्तक आता अडत नाही बघा. आज शेवटचं पान पण देऊन गेले." त्यांनी ड्रॉवर ओढून एक कागद पुढं सरकवला. "अर्पणपत्रिका. मी म्हटलं, एवढी एकच ओळ? तर म्हणाले, ती असती तर हीसुद्धा खाल्ली असती. मला काही कळलं नाही, पण हसले बिचारे."

तिरक्या, घाईच्या अक्षरात एकच ओळ होती.

'कै. सौ. राहीस, जिला माझं अक्षर लागायचं.'

राहीनं ती वाचली. मग तिनं कागद उलटून पालथा ठेवला आणि वळली.

"तुमचं काही काम होतं का त्यांच्याकडं?" पष्टेंनी विचारलं.

"घरी भेटतील," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा होती, तरी किन्हवलीपर्यंत ती उभीच राहिली. पुढं मुरबाडला जीप मिळाली. ड्रायव्हर ओळखीचा होता. तो काहीतरी बोलला, तिनं हो म्हटलं. त्याला ऐकू आलं का, तो तिच्याकडं बघून बोलला का, हे ती प्रत्येक वेळी नीट बघत होती. बोलला होता. उतरल्यावर त्यानं पैसेही घेतले.

ती घरापाशी आली तेव्हा सिद्धगडाच्या माथ्यावर थोडा उजेड होता आणि खाली अंधारून आलं होतं. कुलूप जसंच्या तसं होतं.

दार उघडलं आणि वास आला. उदबत्तीचा.

राघोचा फोटो डावीकडं होता. त्याच्यापुढं तिनं सकाळी काही लावलं नव्हतं. वास उजव्या भिंतीकडून येत होता. त्या भिंतीवर काहीच नव्हतं. कधी काही टांगलंच नव्हतं.

खाली जमिनीवर थोडी राख पडली होती. तिनं बोट लावलं. राख ऊन होती.

"म्हंजे तुमी येता," राही म्हणाली. "रोजच येता."



तिनं दिवा लावला नाही. पदर सारखा केला आणि त्या भिंतीला पाठ टेकून बसली, राख बरोबर पायाशी येईल अशी. फोटो काढून घ्यायला बसतात तशी ताठ, तोंड दाराकडं, हलायचं नाही असं मनाशी म्हणत.

पाखरं गप्प झाली. शेजारी अंबूबाईकडं कुणीतरी भांडी घासत होतं, तेही थांबलं.

मग तिच्या कपाळाला काहीतरी गार लागलं. दोन भुवयांच्या मधोमध. हलकं, काचेवर लावतात तसं.

ती तशीच बसून राहिली. वास विरून गेला, अंगणात कुत्रं येऊन बसलं, तेव्हा तिनं सहा वर्षं मोकळ्या असलेल्या कपाळाला बोट लावलं.

बोटाला ओलं कुंकू आलं.