दाव एईचा जबाब

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि ही हकीकत ऐकून तुमचाही बसू नये. माझा विश्वास जबाबावर आहे. बावीस वर्षं वकिलीत घालवली. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, हे मला समोरच्याने पाणी प्यायच्या आधी कळतं. तेव्हा मधे बोलू नका, नुसतं ऐका.

काम साधंच होतं. गोंडपिपरीच्या रस्त्यावर सागवनाला लागून आमच्या लोकांचं एक विहार आहे. तिथे खिन नावाची बाई आसऱ्याला होती. ब्रह्मदेशातलं तिचं गाव वर्दीतल्या लोकांनी जाळलं. ती सीमा ओलांडून, विहारातल्या भन्तेंच्या ओळखीने कशीबशी इथवर पोचली. दिल्लीच्या निर्वासितांच्या कार्यालयाने तिचा अर्ज एकदा फेटाळला होता. गाव जाळणारे कोण, हे तिला सांगता येत नव्हतं, कारण त्या वेळी ती भाताच्या कोठीत तोंड दाबून पडली होती. आता अपील हा शेवटचा उपाय. तेही गेलं की तिला परत धाडणार, आणि तिकडे तिची वाट कोण पाहत होतं ते सांगायला नको. मी तिला कायदा समजावून सांगायचा आणि जबाब नीट उतरवून घ्यायचा, एवढंच ठरलं होतं.

दुभाषा म्हणून भन्ते संघपाल होते. ते सहा वर्षं रंगूनला शिकून आलेले. पण भिक्खू बारानंतर जेवत नाहीत. म्हणून साडेअकराला आमचं काम थांबायचं आणि भन्ते वस्तीत भोजनदानाला जायचे. त्या दिवशीही गेले. खिन मागच्या खोलीत आडवी झाली. दारात मनकर्णाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, विहाराची झाडलोट त्याच करतात.

मे महिन्याची दुपार. वीज गेली आणि पंखा कुरकुरत थांबला. बाहेर सागाची वाळकी पानं एकाएकी वाजायची बंद झाली. वारा पडला असेल म्हणा. मग भात करपल्याचा वास आला... हळूहळू दाट होत गेला. मी कागदावरून मान वर केली तर समोर एक म्हातारी बसलेली होती.

मला वाटलं, खिनच्या बरोबरची कोणी असेल. आमची पद्धत अशी, की एका घरातल्या माणसांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे, एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी खिनला हाक मारली नाही. चूक झाली असेल तर ती तिथेच.

"नाव?" मी विचारलं.

"दाव एई... खिनची सासू. मी त्यांची तोंडं पाहिली आहेत... लिही."

मी लिहीत गेले. तिघांची नावं, त्यांच्या साहेबाचा तुटका कान, पहिलं घर कोणाचं पेटवलं, शेवटचं कोणाचं. ती अडखळली नाही, रडलीही नाही. चार पानं झाली. वाचून दाखवलं, तिने मान हलवली, अंगठा दिला.

"आता तिला परत नाही ना पाठवणार?"

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

ती थोडंसं हसली. "त्याला जीव लागतोच असं नाही, बाई..."

मी पान उलटलं. तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली होती.

भन्ते परत आले, चार पानं पाहिली आणि उभेच राहिले. "वकीलबाई, मी तं इथी नव्हतो. तुमाले बर्मी कवापासून समजते?"

ती कोणत्या भाषेत बोलली, ते मला आजही सांगता येत नाही.

"कोनी नाई आलं बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्या दारातून हालली बी नाई."

भन्तेंनी खिनला उठवून जबाब ऐकवला. ती मटकन खाली बसली. सासू त्याच आगीत गेली होती. राख खिनने स्वतःच्या हाताने उचलली होती.

मी भ्याले, खोटं कशाला सांगू? दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र भीतीची जागा रागाने घेतली.

"हे जोडू नका," भन्ते म्हणाले. "तुमची सनद जाईन."

"जाऊ द्या. जिला घरासकट जाळलं तिला आता कागदावरूनही हाकलायचं? ते पाप माझ्या हातून होणार नाही."

मी लपवलं काहीच नाही. वर स्वच्छ लिहिलं, की ही बाई मेली असं सून सांगते, तरी जबाब तिने माझ्यासमोर दिला आहे. आणि पाठवून दिलं.

जुलैत खिनला दिल्लीला बोलावलं. भन्ते सोबत गेले, पण त्यांना बाहेरच बसवलं. आत ती एकटीच गेली. महिन्याने पत्र आलं. अपील मंजूर, खिनला आसरा मिळाला. मी पत्र तीनदा वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून रडले. मग शेवटचा परिच्छेद पाहिला. दुसऱ्या साक्षीदार दाव एई यांचा जबाब प्रत्यक्ष हजेरीत तीन तास घेण्यात आला. गावातल्या आणखी अकरा जणांना सांगायचं आहे, ते येत्या सोमवारी आपल्या वकिलांकडे येतील, असं त्यांनी कळवलं आहे.

भन्ते म्हणाले, सोमवारी विहार बंद ठेवू. मी म्हटलं, चालणार नाही.

सोमवारी साडेअकराला भन्ते जेवायला गेले. मी अकरा जबाबांसाठी कोरे कागद मांडून बसले. समोर कोणी नव्हतं. बारा वाजायला आले तशा मनकर्णाबाई दारातून उठून आत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, या लोकायले बाहेरच बसाले सांगू का? आत जागा नाई राह्यली."

"अकराच तर आहेत, मनकर्णाबाई."

"अकरा कुठी, बाई... पार सागवनापर्यंत लाईन लागून राह्यली."

मी पेनाचं टोपण काढलं. "कागद आणखी आणा," म्हटलं, "आणि पहिल्याला पाठवा."